सुतळीचा नकाशा

ज्यांना लिहिण्याचा सराव आहे त्यांची, आणि ज्यांना चांगले वाचण्याची सवय आहे त्यांची तर अधिकच, मी आधी क्षमा मागते. तंत्रनिकेतनात एकोणतीस वर्षे मी यंत्रनियंत्रण हा विषय शिकवला. फळ्यावर पुष्कळ लिहिले. पण तास संपला की ते पुसले जाई आणि मला त्यातच सुरक्षित वाटे. पुसता न येणारे काही लिहायला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी बसावे, हा मला अजूनही थोडा आगाऊपणाच वाटतो. तरी बसले आहे, कारण एका माणसाने मला एक वाक्य दिले, आणि ज्या कामात मी ते वाक्य वापरले त्या कामाच्या कागदांवर त्याचे नाव कुठेच नाही.

वाक्य असे होते : “आधी थांबव, मंग सांग.”

हे म्हणणारे सेलूच्या एका जिनिंग गिरणीत मिस्त्री होते. त्यांना नाव होते, पण ते हजेरीच्या वहीपुरते. बाकी साऱ्यांना ते नुसते मिस्त्री. जीन हॉलच्या दाराशी एक लाकडी स्टूल असे, त्यावर ते बसत. आतून कोणी धापा टाकत येऊन “मिस्त्री, नऊ नंबर...” एवढे म्हणायचा अवकाश, की त्यांचा उजवा पंजा त्याच्या तोंडासमोर आडवा येई. “आधी थांबव, मंग सांग.” सांगणारा आल्या पावली आत पळे, नऊ नंबरचे बटण दाबी, परत येई, आणि मग त्याला बोलायची परवानगी मिळे. सगळे ऐकून घेतल्यावर मिस्त्री उठत, सदऱ्याला चिकटलेली रुई झटकत आणि म्हणत, “चल, बघू.”

त्या “बघू”कडे तेव्हा माझे लक्ष गेले नाही. आपलेही गेले नसते, असे समजून मी स्वतःला थोडी सूट देते.

जिनिंग गिरणी ज्यांनी आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आवारात कापसाचे ढीग पडलेले असतात. एका मोठ्या नळातून, पंख्याच्या जोरावर, तो कापूस हॉलमध्ये ओढला जातो. तिथे जीन नावाची यंत्रे दोन रांगांत उभी असतात. या गिरणीत बारा-बारा, म्हणजे चोवीस. ती कापसातून सरकी वेगळी काढतात. सरकी खाली पडते, रुई पुढे प्रेसकडे जाते आणि तिच्या गाठी बांधल्या जातात. हवेत सतत तंतू तरंगत असतात. ते पापण्यांवर बसतात, कानांत जातात, चहाच्या कपात उतरतात. अशा ठिकाणी आगीला फार मोठे निमित्त लागत नाही. कापसातून आलेला एक खिळा पुरतो. वंगण संपून तापलेले एखादे बेअरिंगही पुरते.

आदल्या हंगामात तिथे एक लहानशी आग लागली आणि वेळेवर विझली. त्यानंतर मालकांनी ठरवले, की सगळी यंत्रे संगणकाला जोडायची. गिरणीचा व्यवस्थापक माझा एकेकाळचा विद्यार्थी. तो परभणीला माझ्या घरी आला. “मॅडम, सेन्सर कंपनीवाले बसवतील, प्रोग्राम पुण्याचे लोक लिहितील,” तो म्हणाला. “पण कोणतं यंत्र कोणाला काय सांगणार, कोणाचं ऐकणार आणि निर्णय कुठे होणार, याचा आराखडा तुम्ही करून द्या.” मी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. वर्गाबाहेर असे काम कधी केले नव्हते. नाही म्हणण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून मी हो म्हटले.

“एकच अडचण आहे,” चपला घालताना तो म्हणाला. “आमचे मिस्त्री. तीस वर्षं झाली त्यांना. हे काही रुचायचं नाही.”

पहिल्या दिवशी सेलू स्टेशनवरून गिरणीकडे चालत जाताना मी मिस्त्रींशी होणाऱ्या वादाची मनात तयारी केली. माझ्या स्वभावाप्रमाणे दोन्ही बाजू मीच मांडल्या आणि त्यात माझीच बाजू हरली.

मिस्त्रींनी वाद घातलाच नाही. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी आपले स्टूल माझ्याकडे सरकवले.

“काय बसवायचं ते बसवा, म्याडम. माजी ना न्हाई. पन आठ दिवस नुसतं बघत ऱ्हावा. मंग इचारा.”

मी आठ दिवस पाहत राहिले. आणि स्टुलावर बसायचा संकोच वाटे म्हणून उभी राहिले. फाटकाजवळ कापसातला कचरा आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडणाऱ्या बायका बसत. त्यांतल्या एका मावशींना हे पाहवले नाही.

“मिस्त्री, म्याडमला बी एक टोपलं द्या की,” त्या ओरडल्या. “हुब्याच हायेत, तर कवडी तरी निवडतील.”

“त्या तुज्यावानी गप्पा हानत न्हाईत,” मिस्त्री म्हणाले. “टोपलं भरंल त्यांचं, मंग तुला जड जाईल.”

मी वहीत लिहीत असे. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी मथळा दिला होता : ‘कुशल कारागिराची निरीक्षणपद्धती’. खाली नोंदी. मिस्त्री बेअरिंगला पालथा हात लावून उष्णता जोखतात. तळहाताला घट्टे पडलेले असल्यामुळे तो खोटे सांगतो, असे त्यांचे म्हणणे. चोवीस यंत्रांच्या गदारोळात, दाराशी बसून, चौदा नंबरचा रोलर झिजल्याचे ते आवाजावरून सांगतात. दारापासून प्रेसपर्यंतची एकसष्ट पावले ते पुटपुटत मोजतात. चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट ठेवतात. चष्मा दिवसातून कितीदा तरी रुईच्या पेळूने पुसतात. पावलांच्या नोंदीपुढे मी कंसात शेरा लिहिला होता, की अशा मोजणीमुळे वेळेचे भान राहत असावे. तो शेरा आज वाचते तेव्हा मी पान उलटते.

नवव्या दिवशी मी विचारायला सुरुवात केली.

“कापसात ओल जास्त असली तर कोणाला सांगतात?”

“मला.”

“नळात कापूस तुंबला तर?”

“मला.”

“प्रेसचं तेल गळायला लागलं तर?”

“मलाच की. दुसऱ्या कोनाला सांगत्याल?”

“आणि लाईट गेली तर?”

“ते सांगाय लागत न्हाई. मला दिसतंय.” ते क्षणभर थांबले. “म्हंजे, कळतंय.”

घरी येऊन मी दोन मोठे कागद तयार केले. पहिल्यावर गिरणीची सध्याची स्थिती : प्रत्येक यंत्रापासून निघालेला बाण एकाच वर्तुळात शिरत होता, आणि ते वर्तुळ म्हणजे मिस्त्री. दुसऱ्यावर माझा आराखडा : तेच सारे बाण आता कार्यालयातल्या एका संगणकाकडे जात होते. संगणक ऐकणार, ठरवणार आणि यंत्रांना आज्ञा देणार. तीन रंगांच्या शाईत तो कागद फार नीटनेटका दिसत होता. खोटे का सांगू, मला त्याचा अभिमान वाटला.

व्यवस्थापकाच्या टेबलापाशी मी दुसरा कागद मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला. कागद हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला, मग पुन्हा लांब नेला. बराच वेळ ते मान हलवत राहिले.

“झ्याक,” ते म्हणाले. “बरोबर हाय समदं.”

“बघा मॅडम, मी उगाच घाबरत होतो,” व्यवस्थापक म्हणाला आणि फोन घ्यायला बाहेर गेला.

कागद उलटा होता. गिरणीचे नाव मी ठळक अक्षरांत वर लिहिले होते. ते मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खालच्या गुंडीपाशी डोके खाली करून लटकत होते.

मी काही बोलले नाही. न बोलण्याचा मला जन्माचा सराव आहे. कागद परत घेतला, सरळ केला, घडी घातली आणि संध्याकाळच्या गाडीने परभणीला निघाले. मानवत रोड स्टेशन येईपर्यंत मी ती वही पुन्हा वाचत होते. पालथा हात, कान, एकसष्ट पावले, कपावरचे बोट. एकेका नोंदीचा अर्थ बदलत गेला. त्यांत कसब होतेच. ते मी आजही नाकारत नाही. पण ज्या माणसाच्या हाताखाली चोवीस यंत्रे आणि हवेत तरंगणारी रुई होती, त्याला समोरचा कागद दिसत नव्हता, हेही त्या नोंदींत आठ दिवस माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

व्यवस्थापकाला सांगितले असते, तर मिस्त्रींना दुसऱ्या दिवशी हार घालून निरोप दिला गेला असता. सांगितले नसते, तर एखाद्या दुपारी काय झाले असते, याचा विचार करवत नव्हता. आणि त्यांना स्वतःला विचारणे मला जमणारे नव्हते.

रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात मी मुलांची शिकवणी घेते. तिथे फळा नाही. विजेचा प्रवाह कसा जातो हे शिकवायचे असले, की मी फरशीवर सुतळी अंथरते आणि मुलांना तिच्यावरून चालायला लावते. त्या रविवारी मुले सुतळीवरून पाय घासत चालली होती. एकाने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि तरीही तो दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या दिव्यापर्यंत बरोबर पोचला.

अमावास्येला बाजार बंद असतो, म्हणून गिरणीही बंद. व्यवस्थापकाला मी सांगितले, की कागदावर अंतराचा अंदाज येत नाही, हॉलमध्ये आराखडा अंथरून पाहते. तो म्हणाला, बघा. सकाळी रिकाम्या प्रेस हॉलमध्ये मी यंत्रांच्या जागी विटा मांडल्या, पंख्याच्या जागी पालथे टोपले, कार्यालयाच्या जागी तेलाचा पत्र्याचा डबा आणि मध्ये मिस्त्रींचे स्टूल. मग सुतळ्या ओढल्या. आधी सध्याची स्थिती.

मिस्त्री आले. मी म्हटले, “जरा यावरून चालून बघता का?” त्यांनी काही न विचारता चपला काढल्या.

ते पायांनी सुतळी चाचपत चालले. एका विटेपासून निघाले आणि स्टुलाशी पोचले. दुसरीपासून निघाले, पुन्हा स्टुलाशी. पाच-सहा फेऱ्यांनंतर ते खाली बसले आणि त्यांनी स्टुलाच्या चारही पायांवरच्या गाठी बोटांनी मोजल्या.

“ह्ये स्टूल कोन?”

“तुम्ही.”

“समद्या सुतळ्या मलाच?”

“हो.”

“म्हंजे ह्ये स्टूल मोडलं की गिरनी बंद.”

त्यांनी स्टूल हाताने हलवून पाहिले.

“म्याडम, लय वाईट डिझाईन हाय की ह्ये. कोन केलं?”

“तुम्हीच केलंत. तीस वर्षांत.”

ते इतके मोठ्याने हसले की पत्र्याखालची कबुतरे उडाली. हसू ओसरल्यावर ते त्या स्टुलावर बसले.

मग मी सुतळ्या सोडून माझा आराखडा अंथरला. स्टुलाच्या एका पायाची गाठ फार घट्ट बसली होती, ती सुटेना, म्हणून मी सुतळी कापली आणि गाठ तिथेच राहिली. सगळी टोके पत्र्याच्या डब्याला बांधली. मिस्त्री अकरा नंबरच्या विटेपासून निघाले आणि चालता चालता मोठ्याने बोलू लागले.

“अकरा नंबर तापलं. सांगाय निघालं. हापिसात आलं.” त्यांनी पायाने डबा हलवला. “आता हितं लाईटच नसली तर?”

“ऑफिसला इन्व्हर्टर आहे.”

“हापिस गावाच्या लायनीवर हाय, म्याडम. हॉलची लाईन येगळी. गावाची गेली तरी हॉल चालूच ऱ्हातो. आन् त्या इन्व्हर्टरवर सायबाची चहाची किटली बी हाय. ती लावली की त्ये मरतंय.”

मला दिलेल्या विजेच्या एकाही नकाशात ही गोष्ट नव्हती. माझ्या नीटनेटक्या आराखड्यात तापलेले यंत्र धावत कार्यालयात आले असते, तिथे अंधार पाहून दारात उभे राहिले असते आणि उत्तराची वाट पाहत पेटले असते.

“आमचा मानूस धावत येतो, तवा मी त्याला काय म्हनतो?” मिस्त्रींनी विचारले.

“आधी थांबव, मंग सांग,” मी हळूच म्हटले.

“मंग तुमच्या मशीनला कामून न्हाई शिकवलं त्ये?”

धोक्याचा निर्णय यंत्राच्या अगदी शेजारी व्हावा, हे तत्त्व मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवले होते. त्यावर प्रश्न काढले होते, गुण दिले होते. सगळे बाण एका ठिकाणी नेण्याच्या मोहात मीच ते विसरले. मी फरशीवर बसले आणि सुतळ्या सोडवू लागले. आता प्रत्येक विटेजवळ एक लहान दगड ठेवला : त्या यंत्राचे स्वतःचे पॅनल. उष्णता वाढली की यंत्र तिथेच, कोणालाही न विचारता थांबेल. मग कार्यालयाला कळवेल. कार्यालय जागे असले तर ऐकेल.  

मिस्त्री सुतळी गुंडाळायला मदत करीत होते. ते एकाएकी म्हणाले, “कागद उलटा व्हता ना त्या दिशी?”

मी मान हलवली, मग लक्षात आले आणि तोंडाने म्हटले, “हो.”

“तुमी त्यो फिरवून घडी घातली. आवाज आला मला. घरी जाऊन इचार केला, म्याडमनं कागद कामून फिरवला?”

मग त्यांनी सांगितले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दर हंगामापूर्वी ते ठरवीत, हंगाम सरला की करू. हंगाम सरला की रोलरची दुरुस्ती निघे. यंदा दिवाळीनंतर परभणीच्या डॉक्टरांनी सांगितले, की उजव्या डोळ्यातला दाब वाढतो आहे. महिन्याभरात शस्त्रक्रिया केली नाही, तर जाईल ते परत येणार नाही.

“मी म्हन्लं, हंगाम सरू द्या. त्ये म्हन्ले, डोळ्याला हंगाम कळत न्हाई.”

“घरी माहीत आहे?”

“तिला म्हाईत हाय. रोज भांडती.” त्यांनी सुतळीचा गुंडा हातात फिरवला. “पन मी गेलो आन् हितं काही पेटलं तर? आन् हितल्या लोकान्ला कळलं तर काय म्हनत्याल? हा आंधळा बसला व्हता व्हय दारात?”

आपण जाणताच, मी धीट नाही. पण त्या सकाळी माझ्याकडे दुसरे कोणतेच वाक्य नव्हते.

“मिस्त्री,” मी म्हटले, “आधी थांबा. मग सांगा.”

सवयीने त्यांचा पंजा माझ्या तोंडासमोर आडवा आला. तो तिथेच राहिला, आणि मग हळूहळू खाली गेला.

“एक मशीन माज्या म्होरं सोताहून थांबू द्या,” ते म्हणाले. “मंग जातो.”

संगणकाचे काम पुढे पुष्कळ दिवस चालले. पण यंत्रांजवळच्या पॅनलचे काम मी आधी करून घेतले. व्यवस्थापकाने कारण विचारले तेव्हा मी तांत्रिक कारणे दिली. ती सगळी खरी होती. बाराव्या दिवशी कंपनीची माणसे म्हणाली, चाचणी घ्या.

दुपारी चोवीस यंत्रे चालू होती. व्यवस्थापक कार्यालयात पडद्यासमोर बसला. मिस्त्रींनी फिटरला सांगितले, “अकरा नंबरच्या सेन्सरला गरम पान्याचं फडकं गुंडाळ, आन् हात मागं घे. बटनाला लावू नको.” मग ते दाराशी आले आणि यंत्राकडे पाठ करून उभे राहिले. मला त्या गदारोळात काहीच वेगळे ऐकू आले नाही. मी रोलरकडे टक लावून होते. तो मंदावला आणि थांबला. मी सांगायला तोंड उघडणार, तोच मिस्त्री म्हणाले, “अकरा.”

त्यांचे खांदे खाली आले. इतक्या दिवसांत ते तसे पाहिले नव्हते मी.

एवढ्यात व्यवस्थापक कार्यालयातून आला. “मॅडम, गावाची लाईट गेली आणि आमची स्क्रीनही गेली ऐनवेळी. काही दिसलं नाही. ट्रायल पुन्हा घ्यावी लागेल.” त्याच्या हातात वाफाळता कप होता.

“किटली लावली व्हती का, सायेब?” मिस्त्रींनी विचारले, आणि माझ्या आयुष्यात प्रथमच मी कामाच्या ठिकाणी मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल रिकामे होते. नऊच्या सुमारास माझा फोन वाजला.

“म्याडम, परभनीच्या दवाखान्यात बसलोय. आधी थांबलो, मंग सांगायलोय. सायबाला बी आत्ताच सांगितलं. समदं सांगितलं.”

व्यवस्थापक रागावेल असे मला वाटले होते. तो हॉलच्या दाराशी आला, स्टुलाकडे पाहत उभा राहिला. “मॅडम, त्यांना दिसत नव्हतं?”

“फार थोडं.”

“मग इतके दिवस ते...” तो कार्यालयात गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने किटलीची वायर काढून कपाटात ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी सतरा नंबर आपोआप थांबले. यावेळी चाचणी नव्हती. फिटरने उघडून पाहिले. बेअरिंग कोरडे पडून भाजण्याइतके तापले होते. त्याने ते बदलले आणि तासाभरात यंत्र पुन्हा चालू झाले. आवारातल्या मावशींनी मानसुद्धा वर केली नाही. एवढेच घडले. मी मात्र त्या स्टुलावर प्रथमच बसले.

चार वाजता मिस्त्रींचा फोन आला.

“काही झालं का?”

“सतरा नंबर थांबलं होतं. बेअरिंग बदललं. आता चालू आहे.”

“मला फोन कामून न्हाई केला?”

“गरज पडली नाही,” मी म्हटले आणि लगेच वाटले, किती कठोर बोललो आपण.

मग एक लांब श्वास ऐकू आला, इतका लांब, की डोळ्यावर पट्टी असलेल्या त्या माणसाला काही झाले की काय, असे वाटून मी घाबरले.

“बरं केलं,” ते म्हणाले. “लय बरं केलं. मी झोपतो मंग.”

“कधीचं तेच सांगायले मी!” मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. “ठिवा त्यो फोन.”

दुसऱ्या डोळ्याचेही काम झाल्यावर, काळा चष्मा लावून, ते एकदा गिरणीत आले. दारात थांबून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले.

“तुमी हाव व्हय म्याडम? आवाजावरून मला वाटायचं, लय तरन्या आसताल.”

“आता कळलं का मिस्त्री, आमी तुमाला रोज कामून हसत व्हतो?” कचरा निवडणाऱ्या मावशी म्हणाल्या. “त्यान्ला तुमी पोरीवानी समजावून सांगायचे!”

भिंतीवर आराखड्याचा अंतिम कागद लावला होता. मिस्त्रींनी चष्मा काढला आणि बोट फिरवत ते एकेक यंत्र वाचत गेले. अकरा. सतरा. नळ. पंखा. प्रेस. शेवटी माझ्याकडे वळले.

“मी कुठं हाय ह्याच्यात?”

या प्रश्नाची मला भीती होती. सौजन्य म्हणून मी कोपऱ्यात त्यांचे एक लहान वर्तुळ काढले होते. त्याला एकही बाण जोडता येईना, तेव्हा खोडून टाकले.

“तुम्ही नाही त्यात,” मी म्हटले.

“कुठंच न्हाई?”

“कुठंच नाही.”

त्यांनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत कागद पाहिला. यावेळी तो सरळ होता.

“झ्याक,” ते म्हणाले. “आता चांगलं डिझाईन हाय.”

हंगाम संपल्यावर त्यांनी काम सोडले. देवगाव फाट्याच्या पलीकडे त्यांचे गाव आहे, तिथे ते असतात. त्यांचा फोन आता येत नाही, आणि तो येत नाही याचा मला आनंदच होतो. स्टूल अजून हॉलच्या दाराशी आहे. त्यावर कोणी बसत नाही, जरी कोणी मना केलेले नाही. दुपारी बायका त्यावर डबे ठेवतात. त्याच्या एका पायाला सुतळीची ती न सुटलेली गाठ तशीच आहे, आणि तिला थोडी रुई चिकटली आहे.

आपल्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल, ज्याला सांगायला सगळे धावत जातात. त्याला नीट दिसते ना, हे आपण त्याला कधी विचारले आहे का?